वाटेवरचे तास कोणाच्या हिशेबात?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात एका वैमानिक मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. तिच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)

मी मूळची डोंबिवलीची. माझी आई फोर्टमधल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. सकाळी सातच्या आत ती घराबाहेर पडायची, संध्याकाळी साडेसात-आठला परत यायची आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागायची. नोकरी किती तासांची, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "दहा ते साडेपाच." गाडीत उभ्यानं गेलेले रोजचे तीन तास तिनं स्वतःसुद्धा कधी मोजले नाहीत.

मी लग्नानंतर अमेरिकेत गेले, तिथं विमान चालवायला शिकले आणि आता तिथल्या एका प्रादेशिक विमान कंपनीत सहवैमानिक आहे. मला बोलावताना तुम्ही म्हणालात, 'आकाशात झेप घेतलेल्या बाईचा अनुभव सांगा.' पण झेपेचं कौतुक पुष्कळ झालंय. मी आज कामाच्या ठिकाणी पोचण्याच्या वाटेबद्दल बोलणार आहे.

आधी प्रादेशिक कंपनी म्हणजे काय ते सांगते. प्रवासी तिकीट काढतो बड्या कंपनीचं. विमानावर नाव आणि रंगही तिचाच. पण ते पन्नास-पाऊणशे आसनांचं विमान प्रत्यक्षात चालवते दुसरीच, लहान कंपनी, करारावर. म्हणजे आपल्याकडच्या कंत्राटी पद्धतीचाच हा प्रकार. अनेक वर्षं इथले पगार बड्या कंपनीच्या मानानं फारच कमी होते. २०२२ मध्ये वैमानिकांचा तुटवडा पडला, तेव्हा कुठे ते एकदम वाढले. आणि पगार मिळतो तो मुख्यतः विमान जागेवरून हललं की पुन्हा थांबेपर्यंतच्या तासांचा. विमानतळावर ताटकळण्याचे तास त्यात जवळजवळ धरलेच जात नाहीत. महिन्याला काही किमान तासांची हमी असते, एवढंच.

प्रत्येक वैमानिकाला एक 'बेस' ठरवून दिलेला असतो. ड्युटी तिथून सुरू होते, तिथंच संपते. माझा बेस शिकागो आणि माझं घर ओहायोमधल्या कोलंबसला. मध्ये पावणेपाचशे किलोमीटर अंतर. 'मग शिकागोलाच का नाही राहत?' हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. नवऱ्याची नोकरी कोलंबसला आहे, मुलीची शाळा तिथं आहे. आणि बेस काही कायमचा नसतो. कंपनी बेस उघडते, बंद करते. कोणाला कुठला मिळणार ते ज्येष्ठतेवर ठरतं. आज घर हलवलं आणि वर्षभरात बेस बदलला, तर पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. म्हणून हजारो वैमानिक, पुरुषसुद्धा, दुसऱ्या शहरातून ये-जा करतात.

ही ये-जा कशी होते? विमानात एखादी जागा रिकामी राहिली तर त्या जागेवर, नाहीतर कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, तिच्यावर. त्या विमानाच्या कॅप्टननं हो म्हटलं तर. हक्काचं असं काही नाही. मंगळवारी पहाटे हजर व्हायचं असेल तर सोमवारी संध्याकाळीच निघायचं, आणि एक विमान चुकलं तर दुसरं हाताशी राहील अशा बेतानं. रात्री झोपायला 'क्रॅश पॅड'. म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या जागेत एकावर एक पलंग टाकून दहा-बारा जणांची सोय. भाडं ज्याचं त्यानं भरायचं. त्यात तुम्ही 'रिझर्व्ह'वर असाल तर फोन आल्यापासून साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हावं लागतं. म्हणजे उड्डाण मिळो न मिळो, घरी राहताच येत नाही. परक्या शहरात फोन उशाशी घेऊन पडून राहायचं.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती. हिवाळा होता, तिला ताप होता. तिला औषध देऊन मी संध्याकाळी निघाले. पहिली दोन्ही विमानं भरलेली. तिसरं बर्फामुळे रखडलं. पलंगाला पाठ टेकली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. पहाटे पाचला हजेरी. तिथल्या नियमाप्रमाणे प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकाला लिहून द्यावं लागतं की मी काम करायला तंदुरुस्त आहे. कागदोपत्री मी चार दिवस सुट्टीवर होते, म्हणजे अगदी ताजीतवानी! मी सही केली.

उतरताना कॅप्टननं मला एक गोष्ट दोनदा सांगितली. पहिल्या वेळी ती मला ऐकूच आली नव्हती. विमान व्यवस्थित उतरलं, कोणाला काही कळलं नाही. पण माझे हात गार पडले होते. मागे पन्नास माणसं बसलेली होती. मी ताबडतोब कळवलं की मी थकलेय, पुढचं उड्डाण करणार नाही.

मला त्या फेरीवरून उतरवलं, तिचे पैसे कापले आणि काही दिवसांनी कार्यालयात बोलावलं. विचारलं काय? "तुम्हाला कामानं थकवलं की तुमच्या प्रवासानं?" आणि मग, "इतक्या लांब राहायचं हे तुम्हीच ठरवलंत ना?"

मैत्रिणींनो, 'तुम्हीच ठरवलंत ना' हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. रात्रपाळी तूच घेतलीस ना, नोकरी तूच धरलीस ना, मूल तुलाच हवं होतं ना!

या प्रश्नाची किंमत माणसांच्या जिवानं मोजली गेली आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं फ्लाइट ३४०७ उतरण्याआधी कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टलचं, विमान चालवत होती कोल्गन एअर ही प्रादेशिक कंपनी. सहवैमानिक २४ वर्षांची मुलगी होती. पगार वर्षाला २४ हजार डॉलरपेक्षाही कमी. ती सिॲटलजवळ आईवडिलांच्या घरी राहायची. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ती आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, मध्ये मेम्फिसला विमान बदलून, सकाळी न्यूअर्कला पोचली होती. तिला सर्दी झाली होती. कॅप्टनही फ्लोरिडाहून ये-जा करणारा.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१० मध्ये निष्कर्ष दिला की विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टननं चुकीची कृती केली, हे अपघाताचं कारण. दोघंही थकलेले असण्याची शक्यता मंडळानं मान्य केली, पण थकव्याचा वाटा किती ते नक्की सांगता येत नाही, असंही म्हटलं. म्हणून 'ती थकली होती म्हणून विमान पडलं' असं मी म्हणणार नाही. पण मंडळानं आणखी एक गोष्ट नोंदवली: ये-जा करणाऱ्या वैमानिकानं विश्रांतीची काळजी घ्यावी ही जशी त्याची जबाबदारी, तशी या ये-जा करण्यातले धोके ओळखून उपाय करणं ही कंपनीचीही जबाबदारी.

मृतांच्या नातेवाइकांनी नेट लावला आणि २०१० मध्ये नवा कायदा झाला. २०१४ पासून विश्रांतीचे नियम बदलले. ड्युटीआधी दहा तास विश्रांती, त्यात सलग आठ तास झोपेची संधी. ही मोठी मिळकत आहे. पण घरापासून बेसपर्यंतचा प्रवास ड्युटीत धरलेला नाही. तो वेळ वैमानिकाचा 'खाजगी'. घडीच्या खुर्चीवर ताठ बसून मी शिकागोला जात असते, तेव्हा हिशेबाच्या वहीत मी सुट्टीवर असते. आणि मालवाहू कंपन्यांच्या वैमानिकांना तर या नियमांतून वगळलेलंच आहे.

तुम्ही म्हणाल, यात बाईचा प्रश्न कुठे? पुरुषही थकतात. खरं आहे. माझ्याच खोलीवरचे पुरुष माझ्याइतकेच थकलेले असतात. पण बहुतेकांच्या घरी दार उघडायला कोणी असतं आणि 'बाबा दमून आलेत, आवाज करू नका' असं पोरांना सांगणारंही. मी पोचते तेव्हा साचलेलं काम माझी वाट बघत असतं.

ही नोकरी घडवली गेली तेव्हा ती करणाऱ्याला बायको असणार, हे गृहीतच होतं. १९३४ मध्ये हेलन रिची ही बाई तिथल्या एका विमान कंपनीत वैमानिक म्हणून लागली. वैमानिकांच्या युनियननं तिला सभासदच करून घेतलं नाही. शेवटी तिनं नोकरी सोडली. त्यानंतर थेट १९७३ मध्ये एमिली हॉवेल वॉर्नर लागली. मधली जवळजवळ चाळीस वर्षं दार बंद! आपल्याकडे १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सगळ्या स्त्रियांच्या चमूसह विमान नेलं, तेव्हा अमेरिकेतल्या बायकाही नुकत्याच आत शिरत होत्या. दार उघडलं, पण आतली घडी मोडली नाही.

एक उदाहरण देते. तिथं १९९३ च्या कायद्यानं बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची, तीही बिनपगारी, रजा मिळते. त्यासाठी वर्षात १२५० तास काम भरावं लागतं. विमानातल्या कर्मचाऱ्यांचे तास मोजण्याची तऱ्हाच अशी, की पूर्ण वेळ नोकरी करूनही तेवढे तास भरत नसत. ही चूक दुरुस्त व्हायला २००९ साल उजाडलं. २०२२ मध्ये कामाच्या जागी दूध काढण्यासाठी वेळ आणि आडोसा देणारा कायदा झाला, तर त्यातून विमानातले कर्मचारी वगळले!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जे मोजलं जात नाही ते कोणाच्या तरी अंगावर पडतं. घरकामाबद्दल हे आपण केव्हापासून सांगत आलो आहोत. तेच वाटेबद्दलही सांगायला हवं. आमच्या मागण्या साध्या आहेत. लांबून येणाऱ्याला हजेरीच्या आदल्या रात्री राहायची सोय कंपनीनं करावी. बेस बदलायचा तर आधी पुरेशी मुदत द्यावी. आणि 'मी थकलेय' म्हणणाऱ्याचे पैसे कापू नयेत, कारण पैसे कापले की माणूस थकवा लपवतो. यातल्या काही गोष्टी काही युनियननी करारात मिळवल्याही आहेत.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. पुढच्या पाहणीत नर्सताईला, कंडक्टर बाईला, विरार-कर्जतहून धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला 'किती तास काम?' असं विचाराल, तेव्हा 'घरातून किती वाजता निघता आणि परत किती वाजता येता?' हेही विचारा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा.

माझ्या आईला हा प्रश्न कोणीच विचारला नाही. परवा मी विचारला. ती बोटांवर मोजत बसली. तीस वर्षांचा हिशेब होता, वेळ लागला. मग म्हणाली, "अगं, एवढे तास गेले कुठे?"

ते कुठे गेले हे आपल्याला ठाऊक आहे. आता ते लिहून काढू या.