सोलापूर मागे का पडले?

(सोलापूर येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



काही देश, काही प्रदेश पुढे जातात आणि काही मागे राहतात. याची दोन सोपी उत्तरे आपल्याला नेहमी ऐकवली जातात : निसर्गाची अवकृपा आणि माणसांचा आळस. सोलापूरचा इतिहास पाहिला तर ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

येथे १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी गिरणी निघाली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढीजात कसबी होते. पिंपरी-चिंचवडला कारखाने येण्याच्या कितीतरी आधी हे गिरणगाव होते. परंतु जुनी गिरणी उभी केली ती मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी. घाम सोलापूरचा होता. नफ्याचे काय करावयाचे, हा निर्णय सोलापूरचा नव्हता.

१९४९ साली ही गिरणी बंद पडली. १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यासाठी केलेला कायदा १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कारण भागधारकाच्या मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. कामगाराच्या रोजगाराचा हक्क त्या यादीत नव्हताच.

पुण्याला मुंबईच्या सान्निध्याचा लाभ होता, हे खरे. पण राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना सार्वजनिक पैशातून तेथे उभे राहिले. येथे मात्र गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि संसाराचा भार यंत्रमागावर व विड्या वळणाऱ्या स्त्रियांवर आला. मजुरी तुटपुंजी असली की बाजारपेठ क्षीण राहते आणि क्षीण बाजारपेठेकडे नवा उद्योग वळत नाही. दक्षिण कोरियाने १९५० च्या सुमारास जमिनीचे फेरवाटप केले आणि शिक्षण सार्वत्रिक केले. त्याच्या पुढील औद्योगिक प्रगतीचा पाया तेथे घातला गेला.

दांडेकर समितीने १९८४ साली जिल्हावार अनुशेष मोजला. ते काम मोलाचे होते. परंतु जिल्ह्याची सरासरी सर्वांचे पोट भरत नाही. उजनीच्या पाण्याने ऊस वाढला, साखर वाढली. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याचे वा विडी कामगार भगिनीचे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढले असे नाही.

तेव्हा जिल्ह्यासाठी निधी जरूर मागा. पण त्याबरोबर विचारा : येथे निर्माण झालेल्या संपत्तीपैकी येथे किती राहते, ती कोणाच्या हाती जाते आणि हे ठरवतो कोण? या प्रश्नांवाचून केलेली विकासाची मागणी अर्धीच राहील.