मलमाची अर्धी ट्यूब



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. मागे एकदा मी लोणच्याच्या खारावर बोलले होते, ते सोपे गेले. आजच्या विषयात माझी स्वतःची चूक आहे. मी सातवी शिकलेली बाई, डॉक्टर नव्हे. तेव्हा माझ्या घरी घडले तेच सांगते.

2019 सालचा फेब्रुवारी महिना. वावरातली पऱ्हाटी कापून झाली होती आणि खुंट तेवढे उभे होते. सासूबाई हरभरा पाहायला म्हणून गेल्या आणि एक खुंट चप्पल फोडून अंगठ्याखाली रुतला. त्यांना साखरेची बिमारी बारा वर्षांची. तिसऱ्या दिवशी गोधडीला डाग दिसला तेव्हा मला कळले. मी रागावले, तर म्हणतात, "दुखत नाही तं दाखवू कायले?"

मलाही वाटले, दुखत नाही म्हणजे जखम किरकोळच असेल. भगिनींनो, इथेच मी चुकले. साखरेने पायाच्या शिरा बधिर होतात. त्या पायाची जखम दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट.

घरात फळीवर मलमाची अर्धी ट्यूब पडली होती. लेकीला मांडीवर गजकर्ण झाले तेव्हा एका दुकानातून चिठ्ठीशिवायच आणलेली. चार दिवसांत खाज थांबली म्हणून ती सोडली, आणि महिनाभरात गजकर्ण दुपटीने आले, ही गोष्ट निराळी. 'औषधच आहे, वाया का घालवा' असा आपणा बायकांचा हिशेब! तेच मलम मी सासूबाईंच्या पायाला लावले, वरून चिंधी बांधली.

दोन दिवसांत लाली गेली, सूजही उतरली. मी शेजारणीला ट्यूब नेऊन दाखवली, इतकी खूश होते. सहाव्या दिवशी पायाला वास आला आणि रात्री थंडी वाजून ताप भरला. यजमानांनी पहाटे गाडी करून अमरावतीला नेले. अंगठा काढावा लागला. सतरा दिवस आम्ही दवाखान्यात होतो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब मागवून पाहिली. त्या एक शब्द रागावल्या नाहीत, त्याचेच मला अधिक लागले. त्यांनी समजावले ते असे. त्या एका मलमात तीन औषधे होती : एक बुरशीचे, एक जंतूंचे आणि एक स्टिरॉइड. स्टिरॉइड लाली व सूज दाबते, पण त्याबरोबर अंगाची जंतूंशी झगडण्याची शक्तीही दाबते. म्हणजे चोर घरात शिरलेला आणि राखणीचे कुत्रे आपणच झोपवलेले. आपल्याला वाटते, सारे शांत आहे. गजकर्णाचेही तसेच, खाज दबते आणि बुरशी आत पसरत राहते. 2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची कित्येक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला आहे. पण नियम दिल्लीत, आणि ट्यूब आपल्या फळीवर.

याचा अर्थ मलम वाईट असा नव्हे. मागच्या पावसाळ्यात पुतण्याच्या नाकाखाली फोड आले, फुटले आणि मधासारखी पिवळी खपली धरली. या वेळी मी फळीकडे पाहिले नाही, सरळ डॉक्टरांकडे नेले. त्यांनी म्युपिरोसिन नावाचे मलम लिहून दिले. गंमत अशी की हे जंतू मारणारे औषध मुळात एका जंतूपासूनच मिळाले आहे! लावायची रीत अशी सांगितली : आधी आपले हात साबणाने धुवायचे, कोमट पाण्याने खपली भिजवून हलकेच काढायची, टिपून कोरडे करायचे, मग पातळ थर, दिवसातून तीन वेळा, सांगितले तितके दिवस पूर्ण. जाड लिंपले म्हणून लवकर बरे होत नाही. डोळ्यात जाऊ द्यायचे नाही. तीन ते पाच दिवसांत फरक नसेल तर परत दाखवायचे. पोराचा टॉवेल वेगळा ठेवला, नखे कापली, कारण हे फोड एकाचे दुसऱ्याला होतात. एकाची ट्यूब दुसऱ्याला लावायची नाही हे तर मी शिकलेच होते.

खोल रुतलेला काटा, गंजका खिळा, यांना नुसते मलम पुरत नाही. जखम धुवून धनुर्वाताच्या सुईचे विचारावे. कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी सुईला जायचे. मिरची भरायची नाही. भाजले तर वीस मिनिटे साधे थंड पाणी, टूथपेस्ट नव्हे. आणि बिब्बा! आपल्या वऱ्हाडात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देतात. त्या तेलाने कातडी भाजते, उतते, हे माझ्या आईच्या टाचेवर मी लहानपणी पाहिले आहे. थोरांच्या साऱ्याच गोष्टी टाकाव्यात असे मी म्हणत नाही, पण ही टाकावी.

आणखी एक. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर त्यावर कोणतेच मलम चोळत बसू नका. अमरावतीचे तपोवन आपणा सर्वांना ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली ते कुष्ठरोग्यांसाठी उभे केले. त्या रोगातही हातपाय बधिर होतात आणि न दुखणाऱ्या जखमांनीच बोटे जातात. आता त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. लाजेपायी लपवले तर मात्र हातपाय वाकडे होतात.

सासूबाई आज पंच्याहत्तरीच्या आहेत. मऊ तळाची चप्पल घरातही घालतात. रोज रात्री ओट्यावर पाय पसरून बसतात आणि मी बॅटरी लावून बोटांच्या फटी, टाचा, तळवे पाहते. मला जरा वेळ लागला की म्हणतात, "पाह्यनं झालं असन तं चहा मांड व बाई."