पेटीचे पुस्तक पारखताना

आमच्या बावधनात कामगारांची पोरे नाट्यपदांच्या स्वरलिपीचे पुस्तक पुढ्यात घेऊन पेटी शिकतात. मास्तर ठेवण्याची ऐपत नसते. पुस्तक हाच गुरू. तोच चुकला तर कान बिघडतो. म्हणून आम्ही युनियनवाले सांगतो, पगाराची चिठ्ठी तपासता तसे पुस्तकही तपासा. आधी मात्रा मोजा. त्रितालाच्या आवर्तनात १६ भरल्याच पाहिजेत. पंडित भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. भीमपलासात गंधाराखालची ती रेघ छपाईत उडाली, की राग गेलाच! कागद मात्र सुबक दिसतो. मींडेची कमान दिली असून पेटीवर मींड निघत नाही, हा दोष पुस्तकाचा नव्हे. आणि विकत घेण्यापूर्वी तोंडपाठ असलेले एखादे पद त्यावरून वाजवून पाहा. तिथेच अडखळलात तर पुस्तक दुकानदाराला परत द्या.