दुखण्याआधीचा दात



बैलाची पत्री झिजली, की आपण नालबंदाला बोलावतो. बैल लंगडण्याची वाट पाहत नाही. दाताच्या बाबतीत मात्र उलट. गाल सुजल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, असा कष्टकरी माणसाचा जणू नेमच! असे का व्हावे?

पहिले कारण, दात लवकर बोलत नाही. दातावरच्या कठीण कवचाला संवेदना नसते. कीड तेवढ्यापुरती असली, तर काही कळत नाही. ती आत उतरली, की गार पाणी झोंबते. शिरेपर्यंत पोचली, की रात्रीची झोप उडते. सुरुवातीला एका खेपेत खड्डा भरून भागते. पुढे शिरेचा उपचार करावा लागतो किंवा दातच काढावा लागतो. हिरड्यांचेही तसेच. घासताना रक्त येते, पण दुखत नाही. म्हणून आपण चूळ भरून कामाला लागतो.

दुसरे कारण रोजाचे. तपासणीला जायचे, तर अर्धा दिवस मोडतो, एस.टी.चे भाडे पडते. मजूर म्हणतो, आजचा रोज हातचा, दाताचे उद्याचे उद्या. त्याचा हिशेब अगदीच चूक आहे, असे म्हणता येणार नाही. म्हणून नुसता उपदेश पुरत नाही. तपासणी त्याच्या वाटेवर आली पाहिजे: बाजाराच्या दिवशी, कारखान्याच्या सुट्टीला, ऊसतोडीला निघण्यापूर्वी.

तिसरे कारण भीतीचे आणि ऐकीव समजुतींचे. वरचा दात काढला की नजर जाते, म्हणतात. तसे काही होत नाही. डोळ्याची नस वेगळी आहे. दात साफ करून घेतले की हलू लागतात, हीही समजूत खोटी. साचलेल्या कीटणाने हिरडी आधीच सुटलेली असते. कीटण निघाल्यावर ते जाणवते, इतकेच.

आणि मिश्री! भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक मायभगिनी दात घासायला वापरतात. ठणका थोडा दबल्यासारखा वाटतो, आणि सवय जडते. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, पण तंबाखू घरात राहिलीच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तोंड पुरे उघडेनासे झाले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची सुरुवातही पुष्कळदा अशीच मुकी असते. तिशीपुढच्या माणसांची तोंडतपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. आशाताईंना विचारा. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य असतात.

मग माणूस जातो केव्हा? दवाखाना जवळ असतो, खर्च आधी कळलेला असतो, आणि ओळखीचे कोणी म्हणते, “चल, मी येतो बरोबर,” तेव्हा. गुरुजनहो, येथे तुमचा शब्द मोलाचा आहे. शाळेत मुलांचे दात तपासले जातात, त्या दिवशी पालकांनाही निरोप धाडा. जवळच्या दंतवैद्याचा वार आणि वेळ शाळेच्या फळ्यावर लिहा.

आणि शेतकरी बांधवांनो, वर्षाचा एक दिवस ठरवून टाका. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी आपण विसरत नाही. त्याच आठवड्यात घरातल्या कर्त्या माणसांनी तोंड दाखवून यावे. चणे आहेत तर दात नाहीत, अशी पाळी मग सहसा येणार नाही.