गोठलेल्या नद्यांची वाट



वाट म्हटली की जमिनीवर उमटलेली रेघ आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु कॅनडाच्या वायव्येस, युकॉनच्या डोंगरांत, जुन्या वाटा निराळ्याच होत्या. उन्हाळ्यात तेथे दलदल माजे. थंडीत नद्या गोठत आणि त्याच रस्ते होत. एका नदीच्या बर्फावरून चढावे, खिंड ओलांडावी आणि पलीकडच्या नदीत उतरावे, असा तो प्रवास. ताज्या हिमाखाली कालचा मागही बुजे. ग्विचिन लोकांच्या स्मरणातच काय तो नकाशा होता.

याच मार्गाने पोलिसांचे पथक कुत्र्यांच्या गाड्यांवरून टपाल नेई. डॉसन ते फोर्ट मॅकफर्सन हे अंतर सुमारे 765 किलोमीटर. 21 डिसेंबर 1910 रोजी इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तिघा सोबत्यांसह मॅकफर्सनहून निघाले. ओझे हलके राहावे म्हणून शिधा बेताचाच घेतला. एसाउ जॉर्ज नावाच्या ग्विचिन गृहस्थाने काही दिवस वाट दाखविली. 1 जानेवारीला त्याला पैसे देऊन परत पाठविले. पुढची भिस्त कार्टर या सोबत्यावर होती. तो या वाटेने पूर्वी एकदाच गेला होता, आणि तोही उलट दिशेने!

येथेच सारे मर्म आहे. उतरताना ओढा आपल्याला आपोआप नदीवर आणून सोडतो. चढताना मात्र अनेक ओढ्यांच्या मुखांतून नेमके एक ओळखावे लागते. फॉरेस्ट क्रीकचे ते मुख त्यांना सापडलेच नाही. कित्येक दिवस शोधण्यात गेले. 18 जानेवारी 1911 रोजी ते माघारी वळले. शिधा संपला, तेव्हा कुत्री मारून खाल्ली. मॅकफर्सन जवळ आले असताना फेब्रुवारीत चौघेही गेले.

मार्चमध्ये कॉर्पोरल डेम्प्स्टर यांनी त्यांचे देह शोधून काढले. त्यांच्यासोबत चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. पुढे त्या वाटेवर खुणा झाल्या, शिध्याचे साठे ठेवले गेले आणि स्थानिक वाटाड्या सोबत घेण्याचा दंडक पडला. 1979 मध्ये डेम्प्स्टर यांच्या नावाचा महामार्ग त्या प्रदेशातून खुला झाला.

त्या चौघांपाशी धैर्य कमी नव्हते. परंतु धैर्य वाट दाखवीत नाही. वाट दाखवितो तो पिढ्यान्‌पिढ्या ती चाललेला माणूस. त्याला चार दिवसांची मजुरी देऊन निरोप देताना आपण काय गमावतो, याचा हिशेब पुढच्या संगमावर होतो.