पडलेला दात दुधात टाका

डिसेंबर १९८९, सियालकोट कसोटी. वकार युनूसचा चेंडू सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरच्या नाकावर बसला, रक्त आलं. तरी पोरगं खेळत राहिलं, ५७ धावा काढल्या. कौतुक जरूर करा, अनुकरण नको; तोंडाला मार लागला की आधी थांबायचं, उपचार करायचा.

आपल्याकडं कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशीम रस्त्याला, सायकल खडीवर घसरते, हँडल तोंडावर येतं आणि समोरचा दात मुळासकट बाहेर! आपण जखमेत हळद भरतो नि दात विसरतो. तो आधी शोधा. मुळाला हात लावू नका, एरवी दिसणारा भाग धरा. माती असेल तर दुधानं हलकेच धुवा, घासायचं नाही. जमलं तर तिथंच खाचेत बसवून स्वच्छ रुमाल दातांखाली धरायला सांगा. नाहीतर वाटीभर थंड दुधात बुडवा. नाक्यावर चहाचं हॉटेल असतंच. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की तासाभरात मरतात, म्हणून दंतवैद्य लगेच गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. आणि पोराची शुद्ध हरपली, उलटी झाली किंवा जबडा मिटेना, तर दाताचं राहू द्या, आधी मोठा दवाखाना गाठा.