नवी इलेक्ट्रिक गाडी सारखी बंद पडते: परत द्यायची की ठेवायची?

आज एकाच प्रश्नावर बोलायचंय. नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि ती रस्त्यात बंद पडायला लागली, तर ती परत द्यायची का? आमच्या घरी, धाराशिवमध्ये, हा प्रश्न दोन-अडीच महिने रोज जेवताना निघायचा. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मी घेणार नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या गाडीत हेच झालं तरी हिशोब तोच राहील, आणि मला तो हिशोबच सांगायचाय.

आधी परिस्थिती सांगतो. पाडव्याला गाडी घरी आली. ऑन-रोड किंमत १३ लाख ४० हजार. त्यात ८ लाख कर्ज, ४ लाख पप्पांच्या ग्रॅच्युइटीतले, बाकी माझे. गाडी घ्यायचं मुख्य कारण आई. तिला दर तीन महिन्यांनी बार्शीला कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तपासणीसाठी न्यावं लागतं, आणि एसटीतून उन्हातान्हात जाणं तिला आता झेपत नाही. पहिल्या अकरा आठवड्यांत गाडी तीन वेळा बंद पडली. त्यातली एक वेळ येडशीच्या पुढे, भर दुपारी, आई मागच्या सीटवर असताना. स्क्रीनवर मोठी बॅटरी ७१ टक्के दाखवत होती, आणि गाडी जागची हलत नव्हती.

आता हे कसं होतं? बऱ्याच जणांना वाटतं इलेक्ट्रिक गाडीत एकच बॅटरी असते. तसं नाही. खाली असते ती मोठी, काही शे व्होल्टची, मोटर चालवणारी. शिवाय साध्या गाडीत असते तशी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. दरवाजाचं लॉक, स्क्रीन, आतले सगळे कॉम्प्युटर, आणि मोठी बॅटरी जोडणारे स्विच, हे सगळं त्या छोटीवर चालतं. छोटी बॅटरी चार्ज ठेवायचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा एक डबा करतो. तो बिघडला की छोटी उतरते, आणि छोटी उतरली की मोठीत कितीही चार्ज असू दे, गाडी मुकाट उभी राहते. विहिरीत पाणी आहे, पण मोटारीचा स्टार्टरच जळालाय, असं समजा.

सर्व्हिस सेंटर सोलापूरला, म्हणजे आमच्यापासून जवळपास ७० किलोमीटर. दर वेळी गाडी उचलून सपाट ट्रकवर न्यायची. पहिल्या दोन वेळा तिथून एकच उत्तर आलं: "सर, आम्ही चेक केलं, गाडी ओके आहे. सॉफ्टवेअर अपडेट करून दिलंय." आता मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो. सिस्टिम रिस्टार्ट केली आणि चालू झाली, म्हणजे बग गेला असं आमच्याकडे कोणी म्हणालं तर त्याला मीटिंगमध्ये उभं करतील. कधी येणारा, कधी न येणारा बग सगळ्यात वाईट. कारण तो दाखवायला जावं तर लपून बसतो. ए.सी. वर्कशॉपमध्ये उभी गाडी छान चालते. मे महिन्यातल्या धाराशिवच्या उन्हात, चढावर, ए.सी. लावून ती वेगळीच वागते.

घरात तीन मतं. पप्पा शिक्षक होते, त्यांचं म्हणणं सरळ: "नवीन वस्तू आहे ना? मग तिला आपण का सांभाळून घ्यायचं? देऊन टाक परत." मला वाटत होतं, एक भाग बदलून प्रश्न सुटत असेल तर अख्खी गाडी कशाला सोडायची? आणि आई म्हणाली, "गाडी ठेवा नाहीतर देऊन टाका. पण मध्येच उभी राहील ही भीती घेऊन मी बसणार नाही. एसटीनं जाईन." खरं सांगू, सगळ्यात नेमकं बोलली ती आईच.

मग मी कायदा वाचायला घेतला. अमेरिकेत राज्याराज्यांत लेमन लॉ आहेत. कनेक्टिकटने १९८२ साली सुरुवात केली. इतक्या वेळा दुरुस्ती करूनही तोच दोष राहिला, की कंपनीने गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे, असा साधारण नियम. आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे आहे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात दोष दूर करून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, भरपाई द्या, हे सगळे आदेश आयोग देऊ शकतो.

पण "देऊ शकतो" आणि "देतोच" यात फरक आहे. २००६ साली मारुतीच्या एका गाडीची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. दोष क्लचचा. कोर्टाचं म्हणणं असं होतं की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं कबूल केलेलं आहे, अख्खी गाडी नाही. २०१० साली फियाटच्या एका केसमध्ये कोर्टाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितली, आणि मूळ उत्पादनातलाच दोष निघाला तर पैसे परत, असं ठरवलं. म्हणजे "माझी गाडी तीनदा बंद पडली" एवढ्यावर भागत नाही. दोष काय आहे आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे का, तिथं सगळं येऊन थांबतं.

दुसरा हिशोब पैशाचा. शोरूमवाल्याने तोंडी सांगितलं, "परतच द्यायची असेल तर आम्ही १० लाखाला घेऊ." हे नीट ऐका, मंडळी. याला गाडी परत करणं म्हणत नाहीत, याला जुनी गाडी विकणं म्हणतात. अडीच महिन्यांत ३ लाख ४० हजार गेले. आणि रागाच्या भरात बरेच जण करतात तसं हप्ता थांबवायचा विचारही करू नका. बँकेने कर्ज तुम्हाला दिलंय, गाडी बिघडली म्हणून बँक थांबत नाही. आमचा हप्ता साधारण १६,७०० रुपये. गाडी १९ दिवस वर्कशॉपमध्ये होती, तेव्हाही तो खात्यातून जात होता.

मग आम्ही ठरवलं काय? परत द्यायची की ठेवायची, हे आपण आज ठरवायचंच नाही. आधी कंपनीला एक प्रश्न विचारायचा: गाडी का बंद पडते, ते लेखी सांगा. कारण सापडलं तर दुरुस्ती. पंधरा दिवसांत कारण सांगता आलं नाही, तर पूर्ण पैसे परत मागायचे, आणि नाही दिले तर आयोगात जायचं. ज्या बिघाडाचं कारण कोणालाच माहीत नाही, ती गाडी आईसाठी ठेवता येत नाही. एवढी साधी अट.

ईमेल शोरूमला आणि कंपनीला, दोघांनाही पाठवला. सोबत तिन्ही जॉब कार्ड, स्क्रीनचे व्हिडिओ, प्रत्येक वेळचं किलोमीटर रीडिंग, तारीख, वेळ. तिन्ही वेळा दुपारी बारा ते चारच्या मध्ये, हे त्या तक्त्यातूनच दिसलं. अकराव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने गाडीतली नोंद काढली, दुपारी माझ्यासोबत येडशीपर्यंत फेरी मारली. निदान निघालं: तापल्यावर डीसी-डीसी कन्व्हर्टर मध्येच काम सोडतोय. तो बदलला, १२ व्होल्टची बॅटरीही नवी दिली, आणि कारण जॉब कार्डवर लिहून दिलं. पप्पांनी तो कागद दोनदा वाचला, शिक्षकी सवयीनं.

त्यानंतर महिनाभर आई गाडीत बसली नाही. मी आठ वेळा भर दुपारी बार्शीला जाऊन आलो, ए.सी. लावून. गाडी थांबली नाही. नवव्या वेळी आई आली. गाडी आम्ही ठेवली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहिलं असेल तर सही करू नका. पुढे तोच कागद तुमचा साक्षीदार असतो.

दोन, गाडी सोलापुरात घेतली म्हणून केस सोलापुरातच करावी लागत नाही. तुम्ही जिथं राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आमच्यासाठी धाराशिव. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात, आणि १० ते २० लाखांच्या वस्तूसाठी फी आहे ४०० रुपये. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते.

तीन, मुदत दोन वर्षांची. "बघू, करू" म्हणत वॉरंटीच्या भरवशावर बसलात तर ती निघून जाते. आणि केस लगेच संपेल असं समजू नका. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलंय, प्रत्यक्षात वेळ जास्त जातो. ती तयारी मनात ठेवा.

चार, गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर समोरचा वकील "हा ग्राहकच नाही" असं म्हणू शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे, पण ते दाखवणारे कागद जपून ठेवा.

आमच्या गाडीची फाइल कपाटात आहे, आणि मुदतीची तारीख माझ्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये. तोच दोष पुन्हा आला तर या वेळी दुरुस्ती मागणार नाही, पैसेच मागू. आईला हे सांगितलंय. ती म्हणाली, "बरं. पुढची तपासणी चौदा तारखेला आहे, सकाळी लवकर निघू."

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गाडीचा असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा.